शिवणाच्या बाईंचा नाटकाचा वर्ग

"सकाळी काय खाल्लं इनं?"

ओठांत टाचण्या धरून बाई हा प्रश्न विचारायच्या, त्यामुळे तो अर्धा दातांतूनच बाहेर यायचा. समोर आमच्यापैकी कोणीतरी डोक्यावर पदर घेऊन आणि कंबर वाकवून म्हातारी झालेली असायची. गळा काढून रडायच्या अगदी बेतात असायची, आणि नेमका तेव्हा हा प्रश्न. रडणं जागच्या जागी थांबायचं, कारण म्हातारीनं सकाळी काय खाल्लं याचा विचार तिचं सोंग घेणारीनं केलेलाच नसायचा.

"मालूम नाई, बाई."

"मालूम नाई? उपाशी माणूस वेगळं रडते, जेवलेलं वेगळं रडते. जा, तिच्या पोटात काही घालून ये. मंग रड."

आम्ही व्हरांड्यात जायचो, म्हातारीच्या पोटात रात्रीची भाकर आणि मिरचीचा ठेचा घालायचो आणि परत यायचो. आता हसू येतं. पण खरं सांगते, ठेचा खाऊन आलेली म्हातारी खरंच वेगळी रडायची.

तुमच्याही शाळेत अशी एखादी शिक्षिका असेल, जिला शिकवायला दिलेला विषय एक आणि लोकांच्या लक्षात राहिलेला दुसराच. आमच्या बाई शिवणाच्या होत्या. काजं, बटणं, तुरपाई, झबली, परकर. हे त्या इतकं कोरडेपणानं शिकवायच्या की वर्गात फक्त कात्रीचा आवाज यायचा. उंच, सडपातळ, खांद्याची हाडं वर आलेली, अंगावर बिनकाठाचं खादीचं लुगडं, गळ्यात मापाची फीत. हातात कामाशिवाय काही नसायचं. बांगड्या नव्हत्या. नवरा फार लवकर गेला होता, आणि मग भावानं वर्ध्याला पाठवून शिक्षिकेचं ट्रेनिंग करवलं होतं, एवढंच आम्हाला ऐकून माहीत होतं. बाई त्याबद्दल बोलत नसत आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि नागपूर आमची राजधानी होती. नागपुरात कोणाच्या डोक्यात काही आलं की ते फिरत फिरत आमच्या सेलूला यायचंच. त्या वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं की शाळेतल्या मुलामुलींची अभिनयाचीही परीक्षा घ्यावी. प्रत्येकानं एकट्यानं एक पात्र उभं करायचं, आणि मग परीक्षक त्या पात्राबद्दल जे विचारतील त्याची उत्तरं द्यायची. परीक्षा वर्ध्याला.

आमच्या हेडमास्तरांना नव्या गोष्टीची फार धास्ती, आणि वरून आलेल्या गोष्टीला नाही म्हणायची त्याहून जास्त. मराठीच्या गुरुजींनी वेळ नाही म्हणून हात वर केले. इतिहासाच्या गुरुजींनी तर घसा बसल्याचं सांगितलं आणि पुढे आठवडाभर खुणांनीच बोलले. आता, शाळेची मोडकी पेटी शिवणाच्या खोलीत ठेवलेली होती. पेटी जिथं तिथं गाणं, आणि गाणं जिथं तिथं नाटक, असा हिशोब करून हेडमास्तरांनी तो वर्ग शिवणाच्या बाईंच्या गळ्यात घातला.

बाईंनी जन्मात नाटक पाहिलेलं नव्हतं. पाहिली होती ती माहेरच्या गावची दंडार. दिवाळीत गावच्या चौकात सोंगं यायची, ढोलकी वाजायची आणि चारी बाजूंनी गाव बसायचा. लहानपणी बैलबंडीच्या जुवावर बसून पाहिलेली ती दंडार, एवढंच भांडवल घेऊन बाईंनी आम्हाला अभिनय शिकवायला घेतला. आम्ही पाच जणी होतो. पाचही जणी शिवणातून वाचण्यासाठी आलेल्या, हे बाईंना पहिल्याच दिवशी समजलं होतं.

"शिवन नको म्हणून आल्या नं? बरं केलं. मलेबी तेच पाहिजे होतं."

आम्ही गारच पडलो. बाईंनाही शिवण नको असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

मग आम्हाला दुसऱ्याच बाई दिसायला लागल्या. शिवणाच्या तासाला त्या हसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. या वर्गात त्या तोंडातल्या टाचण्या पडेपर्यंत हसायच्या, आणि मग आम्ही सगळ्या गुडघ्यांवर बसून जमिनीवर टाचण्या शोधायचो. एकदा टाचण्या गोळा करता करताच म्हणाल्या, "इतके वर्सं पोरीईले काजं कराले शिकवून राह्यलो. कोनती पोरगी कशी चालते हे कधी पाह्यलंच नाई मी." बाई आमच्याकडच्या बायांसारखं स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलायच्या. हेडमास्तरांसमोर मात्र पुस्तकातलं मराठी. त्या कोणत्या बोलीत बोलत आहेत यावरून त्या समोरच्याला आपला समजतात की साहेब, ते आम्ही ओळखायचो.

त्यांची शिकवण्याची रीत अशी. राजाराणी, देवदानव काही नाही. गावातलं एक माणूस निवडायचं आणि आधी त्याच्या हाताखाली काम करायचं. नक्कल नंतर. मी सरकी काढायच्या जिनात काम करणारी एक बाई निवडली. कापसातला पालाकचरा वेचायचं तिचं काम. मी शाळा सुटल्यावर तिच्या शेजारी बसून कचरा वेचायची, मुकादम हाकलून द्यायचा, मी पुन्हा बसायची. तिच्या पापण्यांवर कापसाचे तंतू असायचे आणि घरी गेली की दारातच पदर झटकल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नसे. मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या खूश झाल्या की मी जणू वर्गात पहिली आले.

पण गावात वारं उलटं वाहायला लागलं. गावच्या नाटकात बायांची कामंसुद्धा पुरुष करायचे तो काळ. बापमंडळी हेडमास्तरांकडे गेली. सगळ्यात पुढे आमचे बाबा. आमचं किराण्याचं लहानसं दुकान होतं, आणि दुकानात बसणाऱ्या माणसाला गावाच्या अब्रूची काळजी जरा जास्तच असते.

"पोरीच्या जातीनं सोंगं घ्याची का आता? उद्या म्हनसान ढोलकीबी वाजवा."

हेडमास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर बाईंना बोलावलं. आम्ही खिडकीखालीच होतो.

"बाई, यंदा नावं गेली आहेत, आता मागे घेता येत नाहीत. पण पाचही मुली पास झाल्या तरच पुढच्या वर्षी हा वर्ग. एक जरी राहिली, तर मला लोकांना तोंड देता येणार नाही. मग तुम्ही आणि तुमचं शिवण."

"होतील पास," बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. बाहेर आल्या, खिडकीखाली आम्हाला बसलेलं पाहिलं आणि जराही रागावल्या नाहीत. "ऐकलं नं? आता कोनी आजारीबी पडाचं नाई."

त्या दिवशी पहिल्यांदा मला समजलं की आम्ही शिवण टाळायला आलो होतो, पण बाईंसाठी ते तेवढंच नव्हतं. आम्हाला वर्ग नसला तर नसला. त्यांना मात्र उरलेलं आयुष्य पुन्हा त्या कात्रीच्या आवाजात काढावं लागणार होतं.

शाळेत वेळ पुरेना म्हणून तालमी बाईंच्या अंगणात व्हायला लागल्या. दोन खोल्यांचं भाड्याचं घर, पुढे मोठं सारवलेलं अंगण, मधोमध आम्ही. गल्लीतल्या बाया आधी कुडापलीकडून पाहायच्या, मग आत येऊन बसायला लागल्या. रिकाम्या हातांनी आलो असं कोणी म्हणू नये म्हणून कोणी तूर निवडायला आणायची, कोणी वाती वळायला. माझी माय वालाच्या शेंगा घेऊन यायची. त्या काही दिवसांत आमच्या घरी वालाची भाजी इतकी झाली की बाबा म्हणाले, घरात एवढे वाल कोण आणून राह्यलं. पण माय अंगणात येणं सोडीना. बाया चारी बाजूंनी बसलेल्या, म्हणून आम्ही चारी बाजूंना फिरून फिरून काम करायचो. मागे बसलेलीला दिसलं नाही तर ती ओरडायची, "वो पोरी, इकडे काऊन नाई पाहत? आम्ही का मान्सं नोहो?" बाईंना हे फार आवडायचं. दंडारीसारखं.

आमच्या पाच जणींत सोनं होतं ते कमल. एरवी वर्गात नाव घेतलं तरी दचकणारी, बुटकी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिनं गावात बांगड्या भरत फिरणारी कासारीण निवडली. सुटीच्या दिवशी कासारणीची टोपली उचलून ती तिच्यामागे घरोघर फिरली. आणि मग एका संध्याकाळी अंगणात तिनं ती आम्हाला दाखवली.

कमल उकिडवी बसली. समोरच्या न दिसणाऱ्या बाईचा हात तिनं हातात घेतला, बोटांची पेरं दाबली, तळवा मऊ केला. "हात ढिला सोड वो माय. मले सासू समजू नको." एक बांगडी पिचकली. तिनं ती बाजूला ठेवली, "वाढली," एवढंच म्हणाली आणि दुसरी चढवली. भोवतीच्या बाया हसून लोळायच्या बाकी होत्या. दोघीतिघींनी तर आपलेच हात पुढे केले. मग कमलनं टोपली कमरेवर घेतली. या घरी थांबली, त्या घरी थांबली, हाक मारली, भाव केला. आणि एका दारापाशी आल्यावर तिनं टोपली डाव्या कमरेवरून उजव्या कमरेवर घेतली, दाराकडे पाठ केली आणि खाली पाहत भरभर पुढे निघून गेली. पुढच्या दारात पुन्हा पहिल्यासारखी मोठी हाक.

अंगणातलं हसणं थांबलं. ते दार कोणतं हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. आम्ही त्याच दारापुढे बसलो होतो. माझ्या मायनं मान खाली घातली आणि शेंगा सोलायला लागली. कमलला आपण काय केलं ते तेव्हा कुठे उमगलं. तिनं पाहिलं तसं केलं होतं.

"बाई, ते मी..." तिचा चेहरा पांढरा पडला.

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढून शिवणाच्या छोट्या उशीला टोचल्या.

"कासारीन असंच करते?"

"हो."

"टोपली कोन्या कमरेवरून कोन्या कमरेवर?"

"डावीवरून उजवीवर."

"मंग तसंच ठेव. एक टाका कमी नाई अन् एक जास्त नाई."

एवढं बोलून बाई पाणी प्यायला आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. त्या वेळी मला त्या फार मोठ्या वाटल्या. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाहून कितीतरी जास्त वय झालंय माझं, पण ते मत बदललेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आम्ही सकाळच्या बसनं वर्ध्याला गेलो. एका शाळेच्या मोठ्या खोलीत परीक्षा होती. शिक्षकांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचं. आत एक उमेदवार काम करणार, आणि पुढची उमेदवार दाराजवळच्या बाकावर गप्प बसणार, अशी पद्धत. आमच्या शाळेत पहिलं नाव कमलचं, दुसरं माझं. त्यामुळे जे झालं ते मी पहिल्यापासून पाहिलं.

परीक्षक वयस्क होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, सोनेरी काड्यांचा चष्मा. खोलीच्या एका टोकाला टेबल आणि टेबलामागे ते एकटे. बाकी तिन्ही बाजूंना भिंती. आमच्या आधी एका मुलानं कोणा सेनापतीचं काम केलं. तो परीक्षकांसमोर खांबासारखा उभा राहिला, छाती काढली आणि सगळं त्यांच्याच तोंडावर ओरडून गेला. आम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं! बघणारा एकाच बाजूला बसतो, हे बाईंना माहीतच नव्हतं.

कमल खोलीच्या मधोमध गेली आणि तिनं सुरू केलं. चारी बाजूंना फिरून.

"बाळ, इकडे तोंड कर," परीक्षक म्हणाले.

ती वळली. पण अंगातली सवय. पुढच्या घराला हाक मारायला ती खिडकीकडे गेली. परीक्षकांनी पेन्सिलीनं टेबलावर ठकठक केलं. ती पुन्हा वळली, पुन्हा फिरली. आणि ते दार आलं. अंगणात ते जिकडे होतं तिकडेच, डाव्या भिंतीला. कमलनं टोपली कमरेवर बदलली आणि पाठ केली. परीक्षकांना दिसली ती तिची वेणी.

"थांब. आता ही पाठ का फिरवलीस? बाकीच्या वेळी चुकून फिरतेस, ही तू मुद्दाम फिरवलीस. का?"

कमलनं टोपली पुन्हा डाव्या कमरेवर घेतली.

"आपण जे करतो ते का करतो हे माहीत नको? सांग."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं, पण बाकावरच्यानं बोलायचं नव्हतं. आणि बोलणार तरी काय? बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आपल्या बाईंच्या दाराची गोष्ट एका परक्या माणसाला सांगणं त्या पोरीला जमेना. शेवटी परीक्षकांनी मान हलवली आणि ते "जा" म्हणाले. कमल रडत बाहेर गेली. मला समजलं, कमल गेली, म्हणजे वर्ग गेला.

परीक्षक पाणी पीत होते तेवढ्यात कमलकडून ऐकून बाई आत आल्या.

"शिक्षकांनी आत यायचं नाही, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. तरी आले."

"मी तुमच्या शाळेकडे तक्रार करू शकतो."

"करावी. आधी माझं ऐकून घ्यावं." इथपर्यंत बाई पुस्तकातलं बोलत होत्या. मग त्यांनी एक श्वास घेतला आणि बोली बदलली. "साहेब, चूक माही हाय, पोरीची नाई. मी आयुष्यात दंडार सोडून काही पाह्यलं नाई. दंडारीत चारी बाजूनं मान्सं असते. मी पोरीईले तसंच शिकवलं. पाहनारा एका बाजूनं बसते, हे मले कोनी सांगतलं नाई अन् मी कोनाले इचारलं नाई. त्याचे गुन कापाचे तं कापा. पन ते शेवटची पाठ तिनं तुमच्याकडे नाई केली. एका दाराकडे केली. ते दार माह्यं हाय. कासारीन माह्या दारात थांबत नाई. हे तुमच्यासमोर कसं सांगाव म्हणून पोरगी चूप राह्यली."

परीक्षकांची नजर बाईंच्या हातांवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. त्यांनी चष्मा काढून पुसला. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला. बाई तशाच ताठ उभ्या. स्वतःच्या तोंडानं कधीही न बोललेली गोष्ट त्यांनी एका अनोळखी माणसासमोर ठेवली होती, ती कोणाची दया यावी म्हणून नव्हे. त्यांना फक्त त्यांची पोरगी बरोबर होती हे सांगायचं होतं. या आमच्या बाई, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

"ते दार कुठं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

बाईंनी डावी भिंत दाखवली. परीक्षक उठले. शिपाई खुर्ची उचलायला धावला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं, स्वतः खुर्ची उचलून डाव्या भिंतीशी नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसले.

"बोलवा मुलीला. पुन्हा करू दे."

कमलनं डोळे पुसले आणि पुन्हा केलं. हात दाबले, बांगड्या भरल्या, टोपली कमरेवर घेतली. हाका मारत मारत ती परीक्षकांसमोर आली. बसलेल्या त्या म्हाताऱ्या माणसानं, आपल्याला आता हाक येणार म्हणून नकळत चेहरा वर केला. कमलनं टोपली या कमरेवरची त्या कमरेवर घेतली आणि त्यांच्या पुढून पाठ करून निघून गेली. ते तसेच चेहरा वर करून बसून राहिले.

मग त्यांनी प्रश्न विचारले, पण आवाज मघासारखा नव्हता.

"या कासारणीला तिथून जाताना वाईट वाटतं?"

"वाटते."

"मग थांबत का नाही ती?"

"थांबून काय करन? टोपलीत त्यायच्यासाठी काही नाई. टोपली घेऊन थांबली तं त्यायले उगाच आठवन देल्यासारखं होते." कमल आता कोणाला घाबरत नव्हती. "बाजारात टोपली नसते नं तवा थांबते. तवा लय बोलते त्यायच्यासंग."

मी बाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं ती कासारीण आपल्याला अशुभ समजून आपलं दार टाळते, असंच त्या समजून चालल्या होत्या. बाजारातल्या त्या लांबलचक गप्पा कशासाठी असायच्या, ते त्यांना त्या खोलीत, आपल्याच विद्यार्थिनीकडून कळलं. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला आणि त्या बाहेर गेल्या.

माझ्या आणि मागच्या तिघींच्या वेळी परीक्षक खुर्चीवर बसलेच नाहीत. भिंतीकडेनं फिरत राहिले, कोणाचं तोंड जिकडे होईल तिकडे. वजनदार माणूस, घाम पुसून पुसून रुमाल ओला झाला. पण फिरले.

परतीच्या बसमध्ये आमची तोंडं चालूच होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पवनारच्या पुलावर बस आली तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई, होऊ का आम्ही पास?"

"तुमचं मले मालूम नाई. मी नापास हाओ. एवढी मोठी गोष्ट कोनाले इचारली नाई." मग खाली धाम नदीच्या पात्राकडे पाहत म्हणाल्या, "पन त्या मानसाले आज फिरवलं मात्र!" आणि त्या हसल्या. टाचण्या नव्हत्या तोंडात, त्यामुळे खूप वेळ हसता आलं.

आम्ही पाचही जणी पास झालो. तक्रार आली नाही. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी आमची नावं वाचली, आणि वर्ग चालू राहणार हे त्यांनी असं सांगितलं की जणू ती कल्पना त्यांचीच होती. आमचे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अर्धा पाव साखरेबरोबर "आमची पोरगी नाट्यकलेत पास" हेही बांधून द्यायला लागले. बायकांनी ढोलकी वाजवण्याबद्दलचं त्यांचं मत मी पुन्हा विचारलं नाही.

बाई निवृत्त होईपर्यंत तो वर्ग चालला. आमच्यातली एकही नटी झाली नाही. कोणी नर्स झाली, कोणी मास्तरीण, मी मायेसारखीच संसारात शेंगा सोलत बसले. कमल कारंजा घाडग्याला दिली. तिच्या नवऱ्याचा हमरस्त्यावर ढाबा आहे, आणि ट्रकमधून उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या चालीवरून ती पोळ्या किती टाकायच्या ते ठरवते म्हणतात. मला विचाराल तर हे नटी होण्याहून कमी नाही. मला बाईंचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवलेला नाही. ज्या विषयातलं आपल्याला काही येत नाही तो त्यांनी शिकवला, त्यात चुकल्या, चूक भर खोलीत आपल्या अंगावर घेतली आणि वर्ग वाचवला. असं करणारी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत. तुम्ही पाहिली असतील तर भाग्यवान आहात.

बाई गेल्या तेव्हा शाळेत शोकसभा झाली. आम्ही जुन्या मुली, आता सगळ्यांचे केस पिकलेले, पुढे सतरंजीवर बसलो होतो. भाषणं झाली. आदर्श शिक्षिका, शिस्तप्रिय, सेवाभावी. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं की हे दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. शेवटी कोणीतरी म्हणालं, कारंजाहून एक विद्यार्थिनी आल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत.

कमल उठली. बोलली काही नाही. ती बाजूला दारापाशी गेली, चौकटीला खांदा टेकला, आणि आमच्याकडे पाहायला लागली.

आम्ही काम करत असायचो तेव्हा आमचं लक्ष आमच्या पात्रात. त्या वेळी बाई काय करायच्या हे आम्ही कोणी कधी पाहिलंच नव्हतं. कमलनं पाहिलं होतं. चौकटीला टेकलेली ती उंच, सडपातळ बाई श्वास रोखून आमच्याकडे बघत होती. कमल बुटकी आहे, तरी ती उंच झाली होती. आणि पदराआड तिची बोटं हलत होती. कचरा वेचत होती, कोणाची तरी पेरं दाबत होती. जे आमचे हात करायचे ते सगळं बाईंची बोटं पदराआड, कोणाला दिसणार नाही असं, बारीक बारीक करत होती. एकदा आमच्यापैकी कोणाचं तरी काही फार चांगलं साधलं असावं, कारण तिची हनुवटी अभिमानानं वर आली, आणि आमच्या लक्षात येऊ नये म्हणून तिनं पटकन खिडकीबाहेर पाहिलं.

आम्ही साऱ्या म्हाताऱ्या सतरंजीवर ताठ बसलो होतो, काही चुकू नये म्हणून.

मग कमल खाली बसली, आणि बाई गेल्या.